थांबवायला उशीर नको, सुरू करायला घाई नको : पंपाच्या ऑटोमॅटिक डब्याबद्दल



आज पिकाबद्दल लिहित नाही. पंपाच्या खोलीत भिंतीवर जो नवीन प्लास्टिकचा डबा दिसायला लागलाय, त्याच्याबद्दल लिहितोय. आपल्या कल्याण, मुरबाड, शहापूर, अंबरनाथ भागात भात घरात आलं की काळू, उल्हास, भातसा या नद्यांच्या काठाला भेंडी, काकडी, गवार सुरू होते आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत सगळा जीव पंपावर. शेतावर चोवीस तास माणूस ठेवणं परवडत नाही. पोरं कामाला डोंबिवली-ठाण्याकडे जातात. म्हणून ऑटोमॅटिक डब्याला मागणी आली. कोणी कॉलेजचं प्रोजेक्ट म्हणून बनवतो, कोणी लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणून घरी जोडतो, कोणी तयार विकत घेतो. आत बहुतेक वेळा आर्डुइनो नाहीतर ईएसपी नावाचा छोटा बोर्ड असतो. त्याला टाकीतला फ्लोट, विहिरीतला फ्लोट, चालू-बंदची बटनं जोडलेली असतात.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. ज्या डब्यात प्रत्येक स्विचला त्याचा त्याचा वेगळा धीर दिलेला नाही, तो डबा पंपाला जोडू नका. धीर म्हणजे काय, ते पुढं सांगतो. डबा स्वस्त का महाग, मोबाईलवर चालतो का नाही, हे प्रश्न त्याच्यानंतरचे.

स्विच एकदाच लागत नाही

आपण बटन दाबतो तेव्हा आपल्याला वाटतं एकदाच दाबलं. आत मात्र पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर आपटतात आणि उडतात. लोखंडी फाटक जोरात लावलं की चौकटीवर दोन-तीनदा आपटून मग स्थिर होतं, तसंच हे. लागलं, सुटलं, लागलं, सुटलं, मग लागलं. इंग्रजीत याला बाउन्स म्हणतात आणि त्याच्यावरच्या उपायाला डिबाउन्स.

हे किती वेळ चालतं? अमेरिकेतले इंजिनिअर जॅक गॅन्सल यांनी १८ प्रकारची स्विचं प्रत्येकी ३०० वेळा दाबून मोजलं. बहुतेकांचं उडणं सरासरी दीड मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाची दीडपट. पण त्यातलंच एक स्विच १५७ मिलिसेकंद उडत राहिलं. सगळी स्विचं एका जातीची नसतात, हे इथंच कळतं.

दिव्याला याने काही फरक पडत नाही. दीड मिलिसेकंद दिवा फडफडला तरी डोळ्याला दिसत नाही. पण आर्डुइनो उनो बोर्डाचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं. दीड मिलिसेकंदात त्याचे २४ हजार ठोके पडतात. तुम्ही एकदा दाबलेलं बटन त्याला पाच-सात वेळा दाबल्यासारखं दिसतं, आणि त्याचं वाचन खोटंही नसतं. स्विच खरंच तितक्या वेळा लागलं होतं.

आता एकाच बटनावर चालू आणि बंद ठेवलं असेल तर काय होईल बघा. उडण्याचा आकडा विषम आला तर मोटार चालू होते, सम आला तर चालू होऊन परत बंद. मग माणूस म्हणतो, "हे इलेक्ट्रॉनिक काय खरं नाय, कधी चालतं कधी नाय." बोर्ड बदलतो, रिले बदलतो, शेवटी डबा काढून माळ्यावर टाकतो. अशी काढून टाकलेली डबी मी आमच्या शिवारातच तीन बघितली. तिन्हींचे बोर्ड चांगले होते.

जुन्या स्टार्टरला हे आधीच माहीत आहे

गंमत अशी की आपल्या पंपावरच्या साध्या स्टार्टरने हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. त्याला दोन बटनं असतात, हिरवं आणि लाल. हिरवं दाबलं की कॉइलला करंट जातो, कॉन्टॅक्टर ओढला जातो, आणि त्याच कॉन्टॅक्टरचा एक जादा पॉइंट कॉइलला धरून ठेवतो. एकदा धरलं की हिरवं बटन किती का उडेना, काही फरक नाही. सोडलं तरी मोटार चालूच. लाल दाबलं की कॉइल तुटते, धरणारा पॉइंटही सुटतो. लाल परत वर आलं तरी मोटार आपोआप चालू होत नाही.

यातून पहिला धडा घ्या. चालूला एक बटन, बंदला दुसरं. एकाच बटनावर दोन्ही कामं नकोत. हिरवं दहा वेळा दाबलं तरी अर्थ एकच, चालू. अर्धा प्रश्न इथंच मिटला, तोही पैसे न घालता.

टाकीतसुद्धा हीच युक्ती चालते. एकच फ्लोट ठेवला तर पाणी त्या पातळीला आलं की वरून पडणाऱ्या धारेने लाटा उठतात. फ्लोट खालीवर होतो आणि मोटार चालू-बंद-चालू-बंद करते. दोन फ्लोट ठेवा. खालचा सांगेल पाणी संपलं, चालू कर. वरचा सांगेल भरली, बंद कर. दोघांच्या मध्ये दोन-तीन फुटांचं अंतर असलं की वरच्या लाटेचा चालू करण्याशी काही संबंध राहत नाही. हिरवं-लाल बटनाचंच हे पाण्यातलं रूप.

फडफडीची किंमत

५ एचपीची थ्री फेज मोटार चालत असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. थेट चालू होताना मात्र क्षणभर त्याच्या सहापट तरी खेचते, म्हणजे ४०-४५ अँपिअर. शांत चालणाऱ्या मोटारीला दिवसातून दोनदा हा झटका काहीच नाही. पण फ्लोट लाटेवर हलतोय, डबा त्याच्यामागं धावतोय आणि कॉन्टॅक्टर कटकट-कटकट करतोय, तर मिनिटाला वीस झटके बसतात. कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात, कधी चिकटूनच बसतात. पॉइंट चिकटले की लाल बटन दाबूनही मोटार थांबत नाही. वाइंडिंग तापतं. एप्रिल महिन्यात भेंडी तोडणीला आलेली असताना मोटार रिवाइंडिंगला गेली तर चार दिवस पाणी नाही. त्या चार दिवसांचा तोटा डब्याच्या किमतीपेक्षा मोठा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका

आता मुख्य मुद्द्यावर येतो. डबा बनवणाऱ्याला डिबाउन्स माहीत असतो, नाही असं नाही. आर्डुइनोच्या शिकवणीच्या उदाहरणातच ५० मिलिसेकंद थांबायचा धडा आहे. पण ते उदाहरण एका बटनाचं आहे. शेतावर एक बटन नसतं. माझ्या पंपावर सात गोष्टी बोर्डाला जोडलेल्या आहेत आणि सातही वेगळ्या स्वभावाच्या. मी प्रत्येकाला किती धीर दिलाय ते लिहितो.

१) हिरवं बटन : ५० मिलिसेकंद. माणसाच्या बोटाला एवढा वेळ कळतही नाही.

२) लाल बटन : याला धीर नाहीच. हे बोर्डातून जातच नाही. कॉइलच्या लाइनीत थेट तोडणारं बटन आहे. बोर्डाला फक्त कळतं की मालकाने बंद केलं, आता आपण चालू करायचं नाही.

३) टाकीचा वरचा फ्लोट : २ सेकंद सलग वर राहिला तर टाकी भरली असं धरायचं.

४) टाकीचा खालचा फ्लोट : ३० सेकंद सलग खाली राहिला तरच पाणी संपलं असं मानायचं. पाणी अर्ध्या मिनिटाने सुरू झालं म्हणून पीक सुकत नाही.

५) विहिरीतला फ्लोट : पाणी खाली गेलं तर १ सेकंदात मोटार बंद. परत चालू करायला मात्र १५ मिनिटं. झऱ्यांना पाणी भरायला वेळ लागतो. फ्लोट नुसता तरंगला म्हणून लगेच चालू केलं तर पाच मिनिटांत परत कोरडी.

६) फेज बघणाऱ्या रिलेचा पॉइंट : एक फेज गेला की लगेच बंद. तिन्ही फेज परत आले की किमान २ मिनिटं थांबायचं.

७) पर्जन्यमापकाचा पॉइंट : याचा हिशोब वेगळा आहे, खाली सांगतो.

हे आकडे माझ्या विहिरीचे, माझ्या टाकीचे. तुमचे वेगळे असतील. पण एक गोष्ट बदलत नाही. बंद करण्याचा धीर थोडा, चालू करण्याचा धीर मोठा. मोटार चुकून थांबली तर फारतर थोडं पाणी कमी जातं. चुकून चालू झाली तर मोटार जळते, किंवा त्या वेळी फूट व्हॉल्व्ह साफ करायला विहिरीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून दोन्हीला सारखा वेळ देणारा डबा मला मान्य नाही.

मुकादम एका मजुरापाशी बसून राहिला तर

आता प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांसाठी. माझं शिक्षण दहावीपर्यंत, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो.

धीर देण्याचा सोपा मार्ग म्हणून बरेचजण 'डिले' वापरतात. म्हणजे बोर्डाला सांगायचं, इतका वेळ गप्प बस, मग परत बघ. एक बटन असेल तर चालून जातं. पण खालच्या फ्लोटसाठी ३० सेकंदांचा डिले टाकला, तर ती ३० सेकंदं बोर्ड आंधळा-बहिरा. त्या वेळात विहीर कोरडी पडली तरी त्याला कळणार नाही. लावणीला वीस बाया आहेत आणि मुकादम एकीच्याच मागं अर्धा तास उभा राहिला, तर बाकीच्या एकोणीसजणींकडे कोण बघणार?

मुकादमाने हातात हजेरीची वही घेऊन बांधावरून फिरत राहायचं. वहीत प्रत्येक स्विचची एक ओळ. ओळीत चार रकाने. आत्ता काय दिसतंय, ते कधीपासून तसंच आहे, याचा धीर किती, आणि आपण खरं म्हणून काय धरलंय. प्रत्येक फेरीत ओळ बघायची. आत्ताचं वाचन मागच्यापेक्षा वेगळं दिसलं की 'कधीपासून' या रकान्यात आत्ताची वेळ टाकायची. तेच राहिलं आणि धीराएवढा वेळ उलटला, तर 'खरं' हा रकाना बदलायचा. तिथं न थांबता पुढच्या ओळीवर जायचं. बोर्ड अशा फेऱ्या सेकंदाला हजारो मारतो, म्हणून सात काय, सतरा ओळी असल्या तरी कोणी उपाशी राहत नाही.

चालूचा आणि बंदचा धीर वेगळा ठेवायचा तर त्या रकान्याचे दोन भाग करायचे, एवढंच. वेळ बघायला बोर्डात 'मिलिस' नावाचं घड्याळ आहे. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. पण ते ४९ दिवस १७ तासांच्या आसपास भरतं आणि परत शून्यावर येतं. १२० दिवसांच्या भाताच्या आयुष्यात दोनदा. म्हणून "अमुक वेळेच्या पुढं गेलं का" असं विचारायचं नाही. आत्ताच्या वेळेतून आधीची वेळ वजा करायची आणि उरलेलं धीराएवढं झालं का ते बघायचं. आकडा चिन्हाशिवायच्या ३२ बिटांचा ठेवला की घड्याळ शून्यावर आलं तरी ही वजाबाकी चुकत नाही. पन्नासाव्या दिवशी डबा येड्यासारखा वागला, बंद करून चालू केला तर बरा झाला, असं कोणी सांगितलं तर आधी हीच जागा तपासा.

ज्यांना अजून पुढं जायचंय त्यांच्यासाठी एक. उनोवर आठ पिनांचं वाचन एका झटक्यात घेता येतं. दर ५ मिलिसेकंदाला ते घ्यायचं आणि लागोपाठ चार वेळा सारखं आलं तरच मान्य करायचं. आठही स्विचांचं उडणं २० मिलिसेकंदात गाळून निघतं. ही पहिली चाळण, पत्र्याच्या उडण्याची. पाण्याच्या लाटेची आणि विजेच्या येण्याजाण्याची चाळण दुसरी, ती वर सांगितलेल्या वहीत. धान्यालाही आपण दोन वेगळ्या जाळीच्या चाळण्या लावतोच की. पहिलीच चाळण लावून "डिबाउन्स केलाय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी बटन गाळलं, पाणी गाळलंच नाही. तयार लायब्ररी हवी असेल तर 'बाउन्स टू' नावाची आहे. तिच्यात प्रत्येक स्विचला वेगळा वेळ देता येतो. पण तिच्याकडूनही दुसऱ्या चाळणीची अपेक्षा करू नका.

आणि बटनाला इंटरप्ट लावून हुशारी करायला जाऊ नका. इंटरप्ट म्हणजे हात लागला की घंटी. स्विच सातदा उडलं की घंटी सातदा वाजते. बटनासाठी आणि फ्लोटसाठी फेरी मारत बघणंच बरं.

सगळं प्रोग्राममध्ये होत नाही

विहिरीपासून पंपाच्या खोलीपर्यंत दोन-तीनशे फूट वायर असते आणि बरेचदा मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून येते. मोटार सुरू होताना त्या बारीक वायरीत खोटे इशारे उठतात. बोर्डाच्या आतला पुलअप रोध २० ते ५० किलो-ओहमचा, म्हणजे फार कमजोर. बाहेरून १ ते ४.७ किलो-ओहमचा रोध लावा. १ किलो-ओहम लावला तर ५ व्होल्टला पॉइंटमधून ५ मिलिअँपिअर जातात. पॉइंटवर चढलेला ओलाव्याचा गंज तोडायला तेवढी ताकद बरी पडते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे महत्त्वाचं आहे. पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावा. वायर लांब असेल तर पीसी ८१७ सारखा ऑप्टोकपलर मध्ये घाला, म्हणजे बाहेरची वायर आणि बोर्ड यांचा थेट संबंधच राहत नाही. ईएसपी ३२ वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्ट देऊ नका. आणि त्याच्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप नाहीच, बाहेरून लावावाच लागतो. नाही लावला तर पिन हवेत तरंगते आणि मनाला येईल ते वाचते.

अजून एक. विहिरीतल्या फ्लोटची जोडणी अशी करा की वायर तुटली तर बोर्डाला "पाणी नाही" असंच दिसलं पाहिजे. खेकडा, उंदीर, नांगराचा फाळ, यातलं कोणीतरी वायर एक दिवस तोडणारच. तुटली की मोटार थांबली पाहिजे. ४१५ व्होल्टचं काम वायरमनकडूनच करून घ्या. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर डबा लावला म्हणून काढू नका. डबा स्टार्टरचा नोकर आहे, मालक नाही.

कृषीवाल्यांसाठी : खोटा पाऊस आणि खोटं पाणी

हा भाग खास कृषी सहाय्यक आणि विद्यार्थ्यांसाठी. घरगुती हवामान केंद्रात जो पर्जन्यमापक येतो, त्यात छोटी डोलणारी वाटी असते. ठरावीक पाणी भरलं की ती उलटते आणि चुंबकाने एक रीड स्विच क्षणभर लागतो. समजा एका उलटण्याला ०.२ मि.मी. तो स्विचसुद्धा उडतो. दर पाच उलटण्यांमागं एक खोटं मोजलं गेलं, तर ५० मि.मी. पावसाचे २५० ऐवजी ३०० ठोके होतात आणि ६० मि.मी. दिसतात. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.च्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. सरकारी आकडा त्यांच्या केंद्रावरूनच येतो, तुमच्या डब्यावरून नाही. पण आपल्या शेतातला आकडा घेऊन आपण भांडायला जाणार असू, फवारणी कधी, खत कधी हे ठरवणार असू, तर तो आकडा आधी आपल्याशी तरी खरा हवा.

याला उपाय बटनापेक्षा सोपा आहे. पहिला ठोका मोजायचा आणि मग २०० मिलिसेकंद कान बंद ठेवायचे. त्याने खरा ठोका सुटेल का? हिशोब करा. तासाला २०० मि.मी. असा ढगफुटीसारखा पाऊस पडला तरी तासाला १,००० ठोके, म्हणजे साडेतीन सेकंदाला एक. २०० मिलिसेकंदात दुसरा खरा ठोका येऊच शकत नाही.

ठिबकमधून खत सोडताना पाण्याचा मीटरही असाच ठोके देतो. तिथं दुप्पट मोजलं तर डब्याला वाटतं १,००० लिटर गेलं, प्रत्यक्षात ५०० गेलेलं असतं. मग पीक पिवळं पडलं की आपण जातीला नाव ठेवतो, खताला नाव ठेवतो. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर असा मीटर लावून आकडे गोळा करत असाल, तर ते छापण्याआधी एकदा बादलीने मोजून बघा.

धीराचा प्रश्न एका शेताचा नाही

ऑटो स्विच आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लाइट आली की मोटार आपोआप चालू. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. लोक ऐकत नाहीत, कारण रात्री लाइट आली तर उठून कोण जाणार? अडचण खरी आहे. पण एका डीपीवरचे वीस पंप एकाच क्षणी चालू झाले तर प्रत्येकाचा सहापट झटका एकदमच डीपीवर पडतो. फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जातो, मग आठवडाभर सगळेच अंधारात. लाइट येतानाही कधीकधी स्विचासारखीच उडते. आली, गेली, आली.

इथं हा धीर गावाच्या कामाचा आहे. प्रत्येकाच्या डब्यात लाइट आल्यानंतरचा धीर वेगळा ठेवायचा. कोणाचा २ मिनिटं, कोणाचा ३, कोणाचा साडेचार. वीस शेतकऱ्यांनी चावडीवर बसून आकडे वाटून घेतले तर डीपीला एकामागून एक झटके बसतील, एकदम नाही. पाण्याची पाळी आपण वाटून घेतोच ना? तशीच ही पाळी. यासाठी मोबाईल ॲप नको, इंटरनेट नको. प्रोग्राममध्ये एक आकडा बदलायचा.

"एवढं करण्यापेक्षा डबाच नको"

असं म्हणणारे जाणते लोक आहेत आणि त्यांचं थोडं बरोबर आहे. एक विहीर, एक टाकी, एक पंप असेल तर दोन फ्लोट आणि एक टायमर रिले पुरतो, बोर्डाची गरज नाही. तिथं बोर्ड लावणं म्हणजे उंदीर मारायला तोफ. पण दोन पंप, तीन व्हॉल्व्ह, विहीर आणि शेततळं दोन्ही, असं झालं की टायमरांचा गुंता होतो आणि बोर्ड स्वस्त पडतो. "हा पोरांचा खेळ आहे, शेतीत चालत नाही" हे मात्र मला पटत नाही. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात विद्यार्थ्यांना शिकता यावं म्हणून बनला, हे खरं. पण शिकण्याची वस्तू शिकून वापरली तर चालते. न शिकता पंपाला जोडली तर महागडी वस्तूही चालत नाही.

पैसे देण्याआधी या पाच परीक्षा घ्या

डबा आणणाऱ्याला राग आला तरी चालेल. मोटारीची वायर काढून ठेवा, फक्त कॉन्टॅक्टर जोडलेला असू दे.

१) हिरवं बटन ५० वेळा दाबा. हळू, जोरात, ओल्या हाताने नव्हे पण तिरकं दाबा. प्रत्येक वेळी एकदाच 'खट' आलं पाहिजे.

२) टाकीचा फ्लोट हातात धरून १० सेकंद लाटेसारखा हलवा. कॉन्टॅक्टर हलता कामा नये.

३) दुसऱ्या माणसाला फ्लोट हलवत ठेवायला सांगा आणि त्याच वेळी लाल बटन दाबा. तत्काळ सुटलं पाहिजे. डबा विचार करत बसला तर परत द्या.

४) विहिरीच्या फ्लोटची वायर काढून घ्या. मोटार बंद व्हायला पाहिजे आणि वायर परत लावल्यावर लगेच चालू होता कामा नये.

५) पर्जन्यमापक असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ काढा. २०० चौ. सें.मी. असेल तर ०.२ मि.मी.ला ४ मिलिलिटर पाणी लागतं. ४०० मिलिलिटर पाणी सलाइनच्या नळीने अगदी हळू सोडा. १०० च्या आसपास ठोके आले पाहिजेत. १२०-१३० आले तर तो पाऊस नाही, उडणं आहे.

आणि एक मागणी डबा विकणाऱ्यांकडे. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक स्विचचा चालूचा धीर आणि बंदचा धीर छापून चिकटवा. खताच्या गोणीवर नत्र किती, स्फुरद किती हे छापलेलं असतं म्हणून आपण विचारून घेतो. डब्यावर हे छापलं तर शेतकरी विचारायला शिकेल. प्रात्यक्षिक घेणाऱ्या कृषी अधिकाऱ्यांनीही मोबाईलवरून मोटार चालू करून टाळ्या घेण्याआधी फ्लोट हलवून दाखवावा.

शेती करणाऱ्याला धीर धरायला शिकवावं लागत नाही. पेरल्यावर उगवायची वाट बघतो, उगवल्यावर पावसाची. डब्यालाही तेवढंच शिकवायचं आहे, आणि कुठं धीर धरायचा नाही तेही.

तुमच्या पंपावर काय आकडे ठेवलेत ते लिहा. विहीर किती खोल, पाणी भरायला किती वेळ लागतो, तेही सांगा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल. वायरिंगचे फोटो टाकलेत तर अजून बरं.

राम राम.